विश्राम गवंड्याचं मागणं

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता विश्राम गवंडी घरोघर फिरला तो एकच मागणं घेऊन. माझ्या मुलाला मदत करू नका.

लोकांना आधी वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी अडचण असेल. पण जुन्या माणसांना ठाऊक होतं की अडचण असती तर तो आलाच नसता. उभा जन्म त्याने चिऱ्याच्या भिंती बांधल्या. ज्याचं घर बांधायचं त्याच्याकडे पाणीसुद्धा मागायचा नाही. घरून बाटली न्यायचा आणि ती संपली की तहान मारून काम करायचा. थरातला एखादा चिरा हलतोय असं हाताला लागलं, तर मालक राहू दे म्हणत असताना तो अख्खा थर उतरवून पुन्हा चढवायचा. असा माणूस दुसऱ्याच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, उभा राहून "एक मागणा आसा" म्हणतो, म्हणजे काहीतरी मोठंच असणार, असं धरून लोक पुढे झाले. मागणं ऐकून मात्र मागे सरले.

आता त्याचे गुडघे गेले होते. उजवा उतरणीवर दगा द्यायचा. ओळंबा, थापी, दोरी एका गोणत्यात बांधून माळ्यावर टाकली होती. आता आराम कर, असं जो तो सांगे. पण घरात अनिश होता.

अनिश धाकटा. उशिरा चालला, उशिरा बोलला. अक्षरं ओळखायचा, पण दोन अक्षरं जोडायची म्हटलं की दमायचा. नोटा रंगावरून सांगायचा. डॉक्टरांनी त्याच्या अवस्थेला एक नाव दिलं होतं, गावाने दुसरं. विश्रामने दोन्ही कधी तोंडात घेतली नाहीत. सावंतवाडीला अशा मुलांची शाळा होती, तिथे तो राहून शिकला. बटण लावायला, आंघोळ करायला, ताट धुवायला. अठरा वर्षांचा झाला आणि शाळा संपली. बाईंनी निरोप देताना सांगितलं, आता याला मोठा होऊ द्या. कसा, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. त्यांच्या मागे दुसरी मुलं उभी होती.

मग अनिश घरी आला आणि पडवीत बसला. पुढची काही वर्षं तो बसूनच होता. शाळेत शिकलेलं हळूहळू उतरत गेलं, कारण घरात त्याची गरज नव्हती. बटण त्याची आई विमला लावायची. भांग विमला पाडायची. जेवताना ती त्याच्या शेजारी बसून माशाचे काटे काढायची आणि सोललेला मासा त्याच्या ताटाच्या कडेला ठेवायची. पेडव्यासारखा बारीक काट्याचा मासा असला, की तिचा स्वतःचा भात गार होऊन जायचा. विश्राम बघायचा आणि गप्प राहायचा. दिवसभर चिरे उचलून आलेल्या माणसाला घरात भांडण नको असतं.

थोरला विराज गोव्यात कामाला. मे महिन्यात आला, तेव्हा त्याने विषय काढला. तुम्ही दोघं आहात तोवर ठीक आहे, म्हणाला. नंतर मी याला आश्रमात ठेवीन. माझी एक खोली, बायको कामावर जाते, दिवसभर याला कोण बघणार? आत्ता हो म्हणून नंतर फसवायचं, त्यापेक्षा आत्ताच सांगतो.

विश्रामला राग आला नाही. पोराने माप बरोबर घेतलं होतं. विमला मात्र विराज जाईपर्यंत त्याच्याशी धड बोलली नाही.

त्या रात्रीपासून विश्रामच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. आपण मेल्यावर अनिशला या घरात राहता आलं पाहिजे. त्यासाठी त्याला काम पाहिजे. कामासाठी घराबाहेर पडता आलं पाहिजे. घर बांधताना पाया सोडून भिंत घेता येत नाही. इथे पाया कुठला, हेच त्याला नीट कळत नव्हतं. म्हणून जे हाताशी होतं तिथून त्याने सुरुवात केली.

हाताशी होता नारळ. पडवीत बसल्या बसल्या अनिशला एक गोष्ट चांगली जमायची. आडाळ्यावर बसून, विळीच्या टोकाच्या खवणीवर तो नारळ खवायचा. हळू खवायचा, पण करवंटीजवळचा काळा भाग एकदाही येऊ द्यायचा नाही. खवलेलं चून पांढरंशुभ्र पडायचं. विश्रामने ते बोटात धरून बघितलं होतं. त्यात त्याला खोट काढता आली नव्हती, आणि खोट काढणं हा त्याचा धंदा होता.

मालवणात गौरजा नावाची बाई खानावळ चालवायची. तिचं घर विश्रामने बांधलं होतं. त्याने अनिशला तिच्याकडे नेलं आणि सांगितलं, याचं काम बघ. बरं नसेल तर तोंडावर सांग, माझ्या तोंडाकडे बघून ठेवू नको. गौरजाने अनिशला आडाळ्यावर बसवलं. तिच्या खानावळीत रोज ढीगभर नारळ लागायचे आणि बायका ते खवून खवून कंटाळायच्या. तिने चून बघितलं आणि त्याला कामावर ठेवून घेतलं. पण तिने एक अट सांगितली. सकाळी जेवणाची तयारी सुरू होण्याआधी तो आला पाहिजे आणि एकटा आला पाहिजे. त्याच्यासोबत बाप, बापासाठी खुर्ची, खुर्चीसाठी जागा, एवढं तिच्या स्वयंपाकघरात मावत नव्हतं. शिवाय दिवाळीनंतर पर्यटक सुरू झाले की कामाचा माणूस आला नाही हे तिला परवडणार नव्हतं.

म्हणून एसटी शिकवायची. अख्खा पावसाळा विश्रामने त्यात घातला. घरापासून फाट्यापर्यंत चालणं, वडाच्या या बाजूला उभं राहणं, गाडी दिसली की हात करणं, पुढच्या दाराने चढणं, पैसे काढून हातात धरणं, मालवण म्हणणं, स्टँडवर उतरणं. परतीला वड आणि भिकाजीचं दुकान दिसल्याशिवाय जागचं उठायचं नाही. एक एक गोष्ट घोटून घेतली. भिजत गेले, भिजत आले. विश्रामचा गुडघा पायरीवर चढायला तयार नसायचा, तेव्हा अनिश वरून हात द्यायचा. अनिश चुकला की विश्राम ओरडत नसे. परत पहिल्यापासून, एवढंच म्हणायचा. ऐकणाऱ्याला ते ओरडण्यापेक्षा कठीण वाटायचं.

गणपती झाले आणि अनिश एकटा जायला लागला. जात होता, वेळेवर पोचत होता, वेळेवर येत होता. विश्रामने आठवडाभर रोज फाट्याच्या वळणापर्यंत जाऊन, तो गाडीत चढला एवढं लांबून पाहिलं, मग तेही सोडलं. त्याला वाटलं, भिंत उभी राहिली.

मग एक दिवस भिकाजी लेकीच्या गावी गेला. फाट्यावरचं चहा-बिस्किटांचं दुकान बंद राहिलं. दुपारी विश्राम तेल आणायला म्हणून फाट्यावर गेला तर वडाखाली अनिश उभा. डबा खांद्याला, केस विंचरलेले, सकाळी घरातून निघाला तसाच.

"गाडी गेली काय रे?"

"गेली."

"मगे चढलंस कित्याक नाय?"

"थांबली नाय."

"तू हात केलंस?"

अनिशने बापाकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न. "हात भिकाकाका करता," तो म्हणाला.

विश्राम तिथेच वडाच्या पारावर बसला. उठायला त्याला बराच वेळ लागला, आणि तो काही फक्त गुडघ्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी तो आधीच्या थांब्यावरच अनिशच्या गाडीत चढला, मागच्या बाकावर टोपी पुढे ओढून बसला आणि सगळं बघितलं. भिकाजी परत आला होता. अनिश वडाखाली उभा होता. गाडी दिसते न दिसते, तोच भिकाजीने दुकानातून बाहेर येऊन हात दाखवला. गाडी थांबली. पुढच्या बाकावरच्या बायकांनी सरकून त्याला जागा केली. कंडक्टर सलोनीने त्याच्या खिशातून स्वतःच पैसे काढले, तिकीट आणि सुटे परत खिशात घातले आणि खिसा थोपटला. मालवणात एका म्हातारीने त्याला दंडाला धरून उतरवलं. स्टँडवर रिक्षावाला उभाच होता. त्याने हाक मारून त्याला बसवलं आणि खानावळीच्या दारात सोडलं. अनिशने सबंध वाटेत एकच गोष्ट स्वतः केली. डबा सांभाळला.

कुणी वाईट नव्हतं. हेच तर वाईट होतं. सगळ्या गावाने, कुणी कुणाशी न ठरवता, त्या पोराला हातावरून हातावर पुढे पाठवलं होतं. भिंत उभी नव्हतीच. माणसं खांदे लावून उभी होती.

गौरजाने त्या एका खाड्याचं निमूट ऐकून घेतलं. पण पुन्हा असं झालं तर मी दुसरं माणूस बघेन, हे तिने सांगितलं, आणि विश्रामने मान हलवली. त्याने तिच्या जागी हेच केलं असतं.

तर असा तो मागणं मागायला निघाला. अनिशला बरोबर घेतलं. त्याच्याबद्दल त्याच्या पाठीमागे बोलणं विश्रामला पटत नव्हतं. दोघे खळ्याच्या कडेला उभे राहायचे. विश्राम हात जोडायचा. आयुष्यात मागायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द रोज तेच यायचे.

"एक मागणा आसा. ह्येका मदत करू नकात. ह्येचो हात ह्येका करूक देवा."

भिकाजीने ऐकलं आणि चहाचं पातेलं खाली ठेवलं. "मेल्या, माझा आयुष्य ह्या फाट्यार गेला. लोक मदत मागूक येतत. मदत नको म्हणान सांगूक इलेलो तू पयलोच."

"येवक लागला."

"अरे, हात करूक माका कसले कष्ट?"

"तुका नाय रे. तेका कष्ट होवक व्हये."

भिकाजीला ते पटलं नाही, पण त्याने शब्द दिला. दोस्ती जुनी होती. दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या वेळी तो दुकानात पाठमोरा बसायला लागला, कारण तोंड करून बसलं तर हात आपोआप वर जातो, असं त्याचं म्हणणं. सलोनीला विश्रामने स्टँडवर गाठलं. ती सावंतवाडीची, कामावर शुद्ध बोलणारी. ती म्हणाली, काका, गाडीत गर्दी असते, तो पैसे काढेपर्यंत लोक कुरकुर करतात. विश्राम म्हणाला, कुरकुर त्याला ऐकू दे. रिक्षावाला हसला आणि म्हणाला, बरं बाबा, उद्यापासून दुसरं भाडं मारतो. एका म्हातारीने मात्र खळ्यातच त्याला झाडलं. बापूस आसस की वैरी, विचारलं. चिरे तासून तासून काळीजपण चिऱ्याचा झाला, असंही म्हणाली. विश्रामने ऐकून घेतलं, परत हात जोडले आणि पुढच्या घराकडे वळला. अनिश मागोमाग. प्रत्येक खळ्यात बाप उभा राहील तसा तो उभा राहायचा.

एका माणसाकडे विश्रामने मागणं मागितलंच नाही. ती रोज त्याच्या चुलीशी होती. एकदा तोंड उघडलं होतं, तर विमला मागे न बघता म्हणाली होती, "गाव ऐकात तुझा. माका सांगू नको." त्याने सांगितलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. अनिशने हात केला तोही खांद्याच्या खालीच, आणि एक गाडी निघून गेली. पुढच्या गाडीने तो उशिरा पोचला. गौरजाने घड्याळाकडे बघितलं. एकदा सुटे पैसे गाडीत सांडले आणि कुणी वाकलं नाही. सगळ्यांनी शब्द पाळला होता. अनिश हातापायांवर बसून गोळा करत राहिला आणि घरी आल्यावर जेवला नाही. विमला त्याच्या पायाला तेल लावत म्हणाली, पोराला काही झालं तर उद्यापासून तो जाणार नाही, मग तुझी गौरजा असो नाहीतर विराजचा आश्रम. हे ती अनिशच्या पायाकडे बघत बोलली, पण विश्रामसाठी बोलली. तिचं म्हणणं खोडून काढायला त्याच्याकडे काही नव्हतं. अनिशचा हात आता पुरता वर जाऊ लागला होता, एवढंच. तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

दिवाळी दोन आठवड्यांवर असताना ते झालं. संध्याकाळची गाडी आली नाही. अनिश ज्या गाडीने यायचा ती. भिकाजी दुकान बंद न करता वाट बघत बसला आणि शेवटी त्याचा फोन वाजला. सलोनी बोलत होती.

मालवणहून निघून कुंभारमाठच्या पुढे गाडी अडली होती. चिऱ्याचा एक ट्रक आडवा झाला होता आणि सगळे चिरे रस्त्यावर पसरले होते. पलीकडून आलेली दुसरी गाडी तिथेच उभी करून तिने लोकांना चालत तिकडे जायला सांगितलं. सगळे उतरले. अनिश उतरला नाही. तिने एकदा सांगितलं तर तो म्हणाला, ह्यो आमचो फाटो नाय. त्याचं बरोबर होतं. वड आणि दुकान दिसल्याशिवाय उठायचं नाही. तिला त्याचा हात धरून उतरवावंसं वाटलं, पण तिने विश्रामला शब्द दिला होता. पलीकडची गाडी गेली. इकडची मालवणला परत वळली. उलट्या दिशेला जातोय, हे अनिशच्या ध्यानात आलं आणि तो उठून दाराशी गेला. माका उतरूचा आसा, म्हणाला. तिने घंटी मारली. कुंभारमाठला तो उतरला. त्यानंतर त्याचं काय झालं, तिला माहीत नव्हतं. काका, मी चुकले का, तिने भिकाजीला विचारलं. भिकाजीने फोन ठेवला आणि विश्रामच्या घराकडे चालू लागला.

विमलाने सगळं ऐकलं. ती रडली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि विश्रामकडे बघत म्हणाली, "तेका शिकवलंस, कोणाचा काय घेवचा नाय. आता तो कोणाक इचारतलो काय? इचारूक शिकवलंस तेका?"

अख्ख्या पावसाळ्यात विश्रामने वड शिकवला, पैसे शिकवले, हात करायला शिकवलं. गाडी अडली तर काय, हे शिकवलं नाही. कारण त्याने स्वतः कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. आपल्याला जे येत नाही, ते शिकवायचं राहून जातं. एवढी चूक त्याने कुठल्या भिंतीत केली नव्हती.

"बस मागे," भिकाजी म्हणाला. त्याची स्कूटर खळ्यात सुरूच होती.

विश्राम बसला. जाऊ नये असं त्याला एकदाही वाटलं नाही. शिकवणं वगैरे सगळं त्या क्षणी संपलं होतं. पोर रस्त्यावर होतं आणि दिवस मावळत होता.

चिरे पडले होते तिथे माणसं ते बाजूला करत होती आणि एक गाडी जाईल एवढी वाट झाली होती. विश्रामने सवयीने चिऱ्यांकडे बघितलं आणि नजर वळवली. पुढे कुंभारमाठच्या थांब्याच्या अलीकडे भिकाजीने स्कूटर हळू केली.

"थांब," विश्राम म्हणाला. "हयसरच थांब."

रस्त्याच्या पलीकडे, थांब्यावर अनिश उभा होता. डबा खांद्याला. त्याच्या शेजारी एक अनोळखी बाई हातात टॉर्च घेऊन उभी. अजून पेटवायची वेळ झाली नव्हती. भिकाजीने हाक मारायला तोंड उघडलं तर विश्रामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते काजूच्या झाडाआड उभे राहिले. दोन म्हातारे, एक स्कूटर. कुणी पाहिलं असतं तर चोर समजून हटकलं असतं.

मालवणकडून गाडी आली. बाईने अनिशला काहीतरी सांगितलं आणि ती एक पाऊल मागे सरली. अनिशचा हात वर गेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, ताठ. गाडी थांबली. तो पुढच्या दाराने चढला. आतल्या दिव्यात तो पैसे काढून हातात धरतोय, एवढं दिसलं. गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली.

विश्राम रस्ता ओलांडून त्या बाईपाशी गेला. मी त्याचा बाप, एवढं सांगितलं. तिने आधी त्याला नीट बघून घेतलं.

"आमच्या खळ्यात येवन उभो रवलो," ती म्हणाली. "हात जोडून. म्हणता, एक मागणा आसा. माका वाटला, कसलीतरी वर्गणी मागूक इलो. म्हटला, सांग. तर म्हणता, आमच्या फाट्यार जाणारी गाडी खंयची ता माका सांगा." ती हसली. "म्हटला चल, मी थांबवतंय गाडी. तर म्हणता, नको, हात माझो मी करतलंय."

विश्रामने मान हलवली. काहीतरी बोलायला हवं होतं. तुमचे उपकार, असं काहीतरी. त्याने हात जोडले, आणि तिने ते समजून घेतलं.

परत येताना गाडी पुढे होती आणि स्कूटर मागे. भिकाजीने घाई केली नाही. फाट्यावर पोचले तेव्हा गाडी जाऊनही वेळ झाला होता. वडाखाली कुणी नव्हतं. भिकाजी दुकानाची फळी लावताना म्हणाला, चहा घेतोस का. विश्राम नको म्हणाला. मग काय वाटलं कोण जाणे, थांबला आणि म्हणाला, "घराकडे सोड माका. चलवत नाय." भिकाजीने स्कूटर परत सुरू केली. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत विश्रामने स्वतःसाठी त्याच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

घरी अनिश हातपाय धुऊन पाटावर बसला होता. कुठे होतास, हे विमलाने त्याला विचारलं असणार, कारण तो सांगत होता. चिरे पडले. गाडी परत गेली. एका बाईक इचारलंय. त्याच्या बोलण्यात त्यात काही विशेष नव्हतं. बाप घरी नव्हता आणि फाट्यावरही नव्हता, याचंही त्याला काही वाटलं नव्हतं.

ताटात पेडवे होते. विमला रोजच्यासारखी त्याच्या शेजारी बसली आणि तिचा हात माशाकडे गेला. अनिशने ताट स्वतःच्या बाजूला ओढून घेतलं. जोरात नाही. फक्त तिचा हात पोचणार नाही एवढं. मग त्याने एक पेडवा उचलला, नारळ खवायचा तसा, घाई न करता, आणि काटे काढायला लागला. मधला काटा मोडला. तुकडा तोंडात गेला असावा. त्याने तो जिभेने शोधून बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. विमलाचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तिने तो मांडीवर ठेवला.

"काटो लागात रे," ती म्हणाली.

"लागलो तर मी सांगतलंय," अनिश म्हणाला.

विश्राम दारात उभा होता. आत येऊन बसायला हवं होतं, पण उंबरठ्याला पाय उचलत नव्हता. विमलाने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत अजून राग होता. उद्यापासून तो जाणार नाही, हे ती आता म्हणेल, असं त्याला वाटलं. तिने आपल्या पुढचं ताट ओढलं आणि भात गार व्हायच्या आतच कालवायला घेतला.

रात्री विश्रामला पुढची कामं दिसत होती. भात लावायला शिकवायचा. गॅस बंद करायला. आजारी पडलं तर कुणाच्या दाराशी जायचं. विराजला फोन कसा लावायचा. प्रत्येकाला एक पावसाळा धरला तरी त्याच्याकडे तेवढे पावसाळे होते की नाही, कोण सांगणार. अंग दुखत होतं. भिकाजीच्या स्कूटरवर बसून कंबरही गेली होती.

सकाळी त्याला जाग आली ती विहिरीवरच्या पाण्याच्या आवाजाने. अनिश उठला होता. बटणं लावायला वेळ लागत होता, त्याचा आवाज येत नसतो, पण विमला मध्ये मध्ये थांबून बघत होती आणि तिच्या बांगड्या गप्प होत होत्या, त्यावरून कळत होतं. मग डब्याचं झाकण लागलं. कुंपणाच्या बेड्याची आगळ सरकली. उठून पडवीतून बघावं, असं विश्रामच्या मनात आलं. आजवर रोज बघितलं होतं. त्याने एक पाय खाली टाकला, मग परत वर घेतला आणि पडून राहिला.

बऱ्याच वेळाने फाट्याकडून गाडीचा आवाज आला. चढावर येताना गिअर बदलतो तो. मग आवाज कमी झाला, थोडा वेळ नुसती घरघर राहिली, आणि परत वाढत मालवणच्या दिशेने गेला.

"थांबली काय?" विमलाने चुलीपासून विचारलं.

"थांबली," विश्राम म्हणाला आणि कूस बदलली.